जुन्या टायरपासून गोठ्याची मॅट: टायर निवडण्यापासून प्रेसमधून मॅट काढेपर्यंत

जुन्या टायरमधून काहीतरी धंदा करायचाय असं विचारणारे खूप जण भेटतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, मशीन कुठलं घेऊ? माझं म्हणणं एवढंच की मशीनचं नंतर बघा, आधी काय बनवायचं ते पक्कं करा आणि तिथून मागे मागे या. प्रॉडक्ट ठरलं की त्याला कसला रिक्लेम (टायरचं रबर परत मऊ करून बनवलेला कच्चा माल) आणि किती मेशची, म्हणजे किती बारीक चाळणीची, पावडर लागणार ते कळतं, ते कळलं की भंगारवाल्याकडून कुठला टायर उचलायचा ते कळतं. उलट्या बाजूने गेलात, म्हणजे मिळेल तो टायर आणून दळत बसलात, तर शेडमध्ये पोत्यांची थप्पी लागते आणि घेणारा दरवेळी भाव पाडूनच मागतो.

म्हणून इथे मी एकच प्रॉडक्ट धरून सगळं सांगतो: गोठ्यात गाई-म्हशींखाली घालायची रबर मॅट. सिमेंटच्या कोब्यावर जनावर घसरतं, बसताना-उठताना गुडघे सोलतात, खुरं खराब होतात, म्हणून हल्ली कोल्हापूर-सांगलीपासून नगरपर्यंत दूधवाले मॅट घालतात. आपल्या दृष्टीने मॅट सोयीची कारण ती जाड असते, काळीच चालते, तिला टायरएवढी ताकद लागत नाही आणि ग्राहक घरापासून चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आतच असतो. पायपुसणं, ट्रॉलीचे बफर, मडफ्लॅप, जिमच्या फरशा, यातलं काहीही करायचं असलं तरी खालचं बरंचसं तसंच लागू पडतं.

आधी टायर म्हणजे काय हे दोन मिनिटं

लोक म्हणतात टायर वितळवून नवीन वस्तू करायची. टायर वितळत नाही. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरने रबरात गंधक घालून तापवलं आणि तेव्हापासून टायरचं रबर असंच पक्कं करतात, गंधकाचे दुवे रबराच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकतात. भाजलेल्या भाकरीचं परत पीठ होत नाही तसं हे आहे. प्लास्टिकची बादली वितळवून दुसरी बादली होते, टायरचं तसं होत नाही आणि इथेच सगळी गोम आहे.

मग मार्ग उरतात तीन. एक, टायर बारीक करून पावडर करायची, तिला क्रंब म्हणतात, ती रबर म्हणून वितळत नाही पण नव्या कंपाउंडमध्ये, म्हणजे रबर आणि केमिकलच्या कच्च्या मिश्रणात, भर म्हणून बसते, नाहीतर डांबरात जाते. दोन, पावडरला वाफ, तेल आणि केमिकल देऊन त्यातले गंधकाचे दुवे बऱ्यापैकी तोडायचे, मग ते परत मऊ होतं, मिलवर, म्हणजे दोन रोलच्या यंत्रावर, चालतं आणि परत क्युअर करता येतं, म्हणजे गंधक घालून तापवून पक्कं करता येतं, हा रिक्लेम. तीन, हवा बंद करून टायर तापवायचा आणि त्यातून तेल, गॅस, तार आणि काळी भुकटी काढायची, म्हणजे पायरोलिसिस.

तिसऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. नीट चालवलेले कंटिन्युअस प्लांट वेगळे, त्यांच्याकडे गॅस पकडायची, कार्बन बंदिस्त उतरवायची व्यवस्था असते, पण खेडोपाडी जे बॅच रिअॅक्टर (एकेक घाणा भरून तापवायच्या भट्ट्या) उभे राहतात त्यात गरम असतानाच झाकण उघडतात आणि तिथेच जीव जातात. पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ जानेवारी २०२५ मध्ये अशाच एका प्लांटमध्ये स्फोट झाला आणि त्यात दोन बायका आणि दोन लहान मुलं गेली. कामगारांची मुलं प्लांटच्या आवारात राहतात ही गोष्टच मुळात व्हायला नको होती. शिवाय हिशोबाच्या बाजूने पण बघा, टायरमध्ये जे रबर झाडापासून किंवा पेट्रोकेमिकलपासून एवढी मेहनत करून बनलं ते जाळायच्या तेलात घालवायचं आणि मॅट बनवायला परत नवीन रबर विकत आणायचं, याला काय अर्थ आहे.

तर आपण पहिले दोन मार्ग एकत्र वापरणार. रिक्लेम हे बांधणारं रबर म्हणून आणि क्रंब भर म्हणून.

टायर ओळखायला शिका, अर्धं काम इथेच आहे

भंगारात उभे राहिलात की टायरच्या बाजूला लिहिलेलं वाचा. ट्रकच्या टायरवर १०.००-२० असं मध्ये आडवी रेघ असलेलं लिहिलेलं असेल तर तो जुन्या पद्धतीचा नायलॉनचा टायर, आणि १०.०० आर २० असं मध्ये आर असेल तर रेडियल. नायलॉनच्या टायरमध्ये तार फक्त बीडमध्ये असते, म्हणजे रिमला बसणाऱ्या कडेला, ती जाड तार बीड कटरने किंवा ओढणाऱ्या मशीनने एका झटक्यात निघते आणि उरतं ते रबर आणि नायलॉनचे धागे. रेडियल ट्रक टायरमध्ये मात्र ट्रेडखाली, म्हणजे रस्त्याला लागणाऱ्या थराखाली, पट्ट्यांमध्ये आणि अंगभर बारीक तारा असतात, त्या श्रेडर आणि मॅग्नेटशिवाय निघत नाहीत, हाताने प्रयत्न केला तर फक्त हात कापतो. आपल्याकडे रिक्लेमवाले वर्षानुवर्षं नायलॉन ट्रक टायरच्या मागे का असतात ते यावरून कळेल. हल्ली रेडियल वाढलेत, त्यामुळे नायलॉनचा माल मिळवायला आधीपेक्षा जास्त फिरावं लागतं.

ट्रकच्या टायरमध्ये नैसर्गिक रबर जास्त असतं, कारच्या टायरमध्ये सिंथेटिक जास्त आणि नव्या कार टायरमध्ये सिलिका पण भरपूर. दोन्ही एकत्र दळले तरी पावडर काळीच दिसते, पण रिक्लेम करताना एक भाग लवकर मऊ होतो, दुसरा गाठी धरून बसतो आणि मग मॅटवर दाणे दिसतात. म्हणून ट्रकचा ढीग वेगळा, कारचा वेगळा, दुचाकीचा वेगळा. कंटाळा करू नका.

ट्यूब तर चुकूनही टायरमध्ये जाऊ देऊ नका. ट्यूब बहुतेक ब्युटाइल रबरची असते आणि ब्युटाइलची आणि टायरच्या रबराची क्युअर व्हायची चाल वेगळी, थोडी जरी मिसळली तरी मॅटमध्ये ती जागा कच्ची, चिकट राहते. ओळखायचं सोपं आहे, ट्यूबच्या तुकड्याची घट्ट गुंडाळी करून जमिनीवर टाका, ब्युटाइल असेल तर मेल्यासारखी पडते, उसळी घेत नाही. ट्यूबचा रिक्लेम वेगळा बनतो आणि त्याला स्वतःचं मार्केट आहे, तो माल वेगळा विका. ट्यूबलेस टायरच्या आतला पातळ थर पण त्याच जातीचा असतो, पण तो संपूर्ण टायरच्या मानाने कमी असल्यामुळे मॅटसाठी चालून जातो.

सगळ्यात स्वच्छ माल कुठे मिळतो माहितीये? रिमोल्ड करणाऱ्यांकडे, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवा ट्रेड चढवणाऱ्यांकडे. ते टायर घासून जुना ट्रेड काढतात त्याचा जो भुगा पडतो, बफिंग म्हणतात त्याला, त्यात तार नाही, धागा नाही, नुसतं ट्रेडचं रबर. जवळपास रिमोल्डची दुकानं असतील तर त्यांच्याशी कायमचं बोलून ठेवा, जमिनीवर झाडून गोळा केलेला भुगा आणि सायक्लोनच्या (भुगा हवेने ओढून गोळा करणाऱ्या यंत्राच्या) पिशवीतला भुगा यात फरक करा, झाडलेल्यात वाळू असते. आणि एक लक्षात असू दे, जो टायर अजून रिमोल्ड होऊ शकतो तो दळू नका. केसिंग, म्हणजे ट्रेडखालचा टायरचा सांगाडा, धड असेल तर त्याची जागा रस्त्यावर आहे, तो रिमोल्डवाल्याला द्या.

पावडर स्वतः करायची की विकत घ्यायची

सुरुवात करताना विकत घ्या. टायर कापणं, क्रॅकर मिलवर चिरडणं, मॅग्नेट, चाळण्या, धागा उडवायचा ब्लोअर, हे सगळं उभं करायला विजेचं कनेक्शनच एवढं मोठं लागतं की मॅटच्या धंद्याआधी कर्जाचे हप्ते सुरू होतात. महाराष्ट्रात आणि शेजारी गुजरातमध्ये क्रंब आणि रिक्लेम बनवणारे मोठे कारखाने आहेत, वाडा, सोलापूर, अंकलेश्वर या भागात चौकशी केली तर माल मिळतो. तुम्ही तुमचे वर्गवारी केलेले टायर त्यांना द्या आणि पावडर घ्या, असा व्यवहार पण होतो.

पावडर दोन पद्धतीने होते. साध्या तापमानाला चिरडून केलेली, आणि लिक्विड नायट्रोजनने काचेसारखी कडक करून फोडलेली. दुसरी गुळगुळीत आणि महाग असते. आपल्याला पहिलीच बरी, कारण तिचा दाणा खडबडीत, फाटलेला असतो आणि कंपाउंड त्याला जास्त चांगलं धरतं. मेश म्हणाल तर ३० मेश, म्हणजे साधारण ६०० मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली, मॅटला पुरे. ४० मेश घेतली तर वरचा भाग जास्त साफ येतो. ८० मेश मॅटसाठी म्हणजे उगाच पैसे घालवणं.

आता तपासणी, आणि ही प्रत्येक लॉटला करायची, एकदा करून विश्वास ठेवायचा नाही. पोत्याच्या तोंडाची पावडर घेऊ नका, मधून आणि तळातून घ्या. मॅग्नेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून पावडरमध्ये फिरवा, पिशवी उलटी केली की तारेचे केस पिशवीसकट हातात येतात, किती आले ते बघा. मग मिठाची टेस्ट. एका उभ्या बरणीत पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घाला, खाली थोडं मीठ शिल्लक राहिलं पाहिजे, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बरणीत काढा, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका नाहीतर पावडर ओलीच होत नाही, आणि मूठभर पावडर टाकून ढवळा. त्या खारट पाण्याची घनता १.२ च्या आसपास असते आणि टायरच्या रबराची १.१५ च्या आसपास, म्हणून रबर वर तरंगतं आणि वाळू, माती, तार खाली बसते. दहा मिनिटांनी तळाशी करड्या रंगाचा थर दिसला तर समजायचं टायर न धुता दळलाय. साध्या पाण्यात ही टेस्ट होत नाही कारण साध्या पाण्यात रबर पण बुडतं. ही वाळू पुढे मिलच्या रोलला आणि मोल्डला (साच्याला) ओरखडे पाडते, एका मोल्डची किंमत बघितली की या टेस्टला कंटाळा येत नाही.

ओलावा पण बघा. शंभर ग्रॅम पावडर १०५ डिग्रीला तासभर ओव्हनमध्ये ठेवून परत तोला, एक ग्रॅमपेक्षा जास्त घट आली तर पावसाळ्यात भिजलेला माल आहे, मॅटमध्ये फुगे येणार.

रिक्लेम घेताना

रिक्लेम कसा बनतो ते माहिती असलं की घेताना फसत नाही. पावडरमध्ये तेल आणि दुवे तोडणारं केमिकल मिसळून बंद डायजेस्टरमध्ये वाफेखाली साधारण १८०-२०० डिग्रीला काही तास फिरवतात, मग बाहेर काढून रिफायनरवर नेतात. रिफायनरचे दोन रोल वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि मधली फट कागदाएवढी, त्यातून रबर चुरडत कापडासारखं पातळ निघतं, ते गुंडाळत गुंडाळत जाड थर झाला की कापून लादी करतात. दुवे तुटतात तसं रबराच्या साखळ्या पण थोड्या तुटतात, म्हणून रिक्लेम कधीच नव्या रबराएवढा ताकदवान होत नाही. कुणी तसं सांगून विकत असेल तर त्याच्याकडून घेऊ नका.

लादीचा कोपरा कापून पातळ ताणा आणि उजेडासमोर धरा. दाणे दिसले तर रिफायनिंग कमी झालंय. हाताला फार चिकटत असेल आणि तेलाचा वास मारत असेल तर मऊ दाखवायला तेल जास्त घातलंय. रिक्लेमसाठी आयएस ७४९० हे स्टँडर्ड आहे, सप्लायरकडे लॉटचा टेस्ट रिपोर्ट मागा आणि त्यात मूनी व्हिस्कॉसिटी (माल किती घट्ट), राख, अॅसिटोन एक्स्ट्रॅक्ट (तेल वगैरे किती) आणि रबर हायड्रोकार्बन (खरं रबर किती) हे चार आकडे बघा. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. होल टायर (अख्ख्या टायरच्या) रिक्लेममध्ये खरं रबर अर्ध्याच्या आसपास असतं, बाकी कार्बन, तेल, राख. म्हणजे रेसिपीत एक किलो नवं रबर काढून त्याजागी रिक्लेम घालायचा तर दोन किलो घालावा लागतो आणि सोबत येणारा कार्बन आणि तेल हिशोबात धरून तेवढं बाहेरचं कमी करायचं. किलोला किलो बदललं की माल कच्चा आणि भुसभुशीत होतो आणि मग लोक रिक्लेमला नावं ठेवतात.

मॅटची रेसिपी

सुरुवातीला ही घ्या आणि तुमच्या मालाप्रमाणे थोडी इकडेतिकडे करा. साधारण ३२ किलोच्या बॅचला रिक्लेम १६ किलो, नवं नैसर्गिक रबर २ किलो, ३० मेश क्रंब ६ किलो, चायना क्ले ६ किलो, प्रोसेस ऑइल ८०० ग्रॅम, झिंक ऑक्साइड ४०० ग्रॅम, स्टिअरिक अॅसिड १५० ग्रॅम, अँटिऑक्सिडंट १५० ग्रॅम, गंधक २५० ग्रॅम, आणि क्युअर लवकर करणारे दोन अॅक्सिलरेटर, एमबीटीएस १०० ग्रॅम आणि टीएमटी १५ ग्रॅम. यात टायरमधून आलेला माल जवळजवळ ७० टक्के होतो. नवं रबर आरएसएस ५ किंवा आयएसएनआर २० या ग्रेडचं चालतं, ते बहुतेक केरळचं येतं, पण दोडामार्ग-सावंतवाडीकडेही आता रबराच्या बागा आहेत, तळकोकणात असाल तर तिथे चौकशी करा.

दोन किलो नवं रबर तरी कशाला असं विचारतात. त्याने मिलवर पट्टा धरतो आणि मॅटच्या कडा फाटत नाहीत. ते काढून टाकून बघितलं तर मॅट होते, पण गाय उठताना खुराचा जोर कडेवर येतो तिथे वर्षभरात चिरा पडतात.

क्ले वाढवून माल स्वस्त करायचा मोह सगळ्यांना होतो. ६ चे ९ किलो केले तर मॅट जड होते, दगडासारखी होते आणि ग्राहकाला वजनावर विकली जाते म्हणून खपतेही, पण ज्या जनावरासाठी ती घेतली त्याला तिचा काडीचा उपयोग नसतो. हार्डनेस ६० ते ७० शोअर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप) मध्ये ठेवा. तो मोजायचा ड्युरोमीटर फार महाग वस्तू नाही, घ्याच.

गंधकाबद्दल एक बारीक गोष्ट. क्रंब घातला की नव्या कंपाउंडमधला थोडा गंधक दाण्यात शिरतो आणि दाण्यात उरलेला जुना अॅक्सिलरेटर बाहेर येतो. त्यामुळे माल लवकर पकडतो पण क्युअर थोडा कमी पडतो. क्रंब वाढवलात तर गंधक किंचित वाढवा आणि टीएमटी कमी करा, दोन्ही एकदम वाढवू नका.

मिलवर आधी नवं रबर मऊ करून घ्यायचं, त्यावर रिक्लेम, दोन्ही एकजीव होऊन रोलवर साफ पट्टा आला की झिंक आणि स्टिअरिक, अँटिऑक्सिडंट, मग क्रंब, आणि क्ले आणि तेल थोडं थोडं आलटून पालटून. तेल एकदम ओतलं की पट्टा सुटतो आणि माणूस तो सावरायला हात पुढे नेतो, अपघात तिथेच होतात. शीट काढून पसरून थंड करा, दुसऱ्या दिवशी परत मिलवर घेऊन गंधक, एमबीटीएस, टीएमटी घाला, रोलमधून थंड पाणी चालू ठेवा आणि माल १०० डिग्रीच्या खाली राहू द्या. रिक्लेमचा माल स्कॉर्च लवकर होतो, म्हणजे मोल्डमध्ये जायच्या आधीच पक्का व्हायला लागतो, गरम शीट एकावर एक रचून ठेवल्या तर सकाळी मधल्या शीट रबरी होऊन बसलेल्या असतात आणि त्या परत दळायलाच द्याव्या लागतात.

मिलवर सैल शर्ट, दोरा, घड्याळ, अंगठी काही नको. सेफ्टी बार रोज सकाळी पहिल्यांदा ओढून बघायचा, रोल लगेच थांबले नाहीत तर त्या दिवशी मिल चालवायची नाही, ऑर्डर कितीही अर्जंट असू दे.

प्रेस

इथे बऱ्याच जणांचा हिशोब चुकतो. अखंड मोठी मॅट, म्हणजे साधारण १२० बाय २०० सेंटिमीटरची, करायची म्हटली तर क्षेत्रफळ २४ हजार चौरस सेंटिमीटर, त्यावर चौरस सेंटिमीटरला ३५ किलो दाब धरला तरी ८४० टनांचा प्रेस (तापलेल्या मोल्डमध्ये माल दाबून क्युअर करणारं मशीन) लागतो. लहान शेडमध्ये ते शक्य नाही. त्याऐवजी दोन बाय तीन फुटाचा तुकडा करा, कडेला एकमेकात अडकणारे दात ठेवून. त्याला ५४०० चौरस सेंटिमीटर म्हणजे १९० टनांच्या आसपास, २०० टनी प्रेसमध्ये बसतं, आणि चार तुकडे जोडले की चार बाय सहा फूट होतात, एका जनावराच्या उभं राहायच्या जागेला पुरतात. १७ मिलिमीटर जाडीला एक तुकडा ११-१२ किलोचा होतो, एक माणूस उचलून धुवायला नेऊ शकतो, हा अखंड मॅटपेक्षा फायदाच.

मोल्डच्या खालच्या बाजूला बारीक खुंटासारखे उंचवटे किंवा चर असू द्या, मूत्र आणि धुतलेलं पाणी खालून वाहून जातं. वरच्या बाजूला हातोडीने ठोकल्यासारखी नक्षी. फार खोल नक्षी केली तर शेण अडकून बसतं.

मोल्ड १४५-१५० डिग्रीला तापू द्या, साबणाचं पाणी किंवा सिलिकॉनचा फवारा मारा, माल वजन करून भरा, तुकड्याच्या वजनापेक्षा तीन-चार टक्के जास्त. बंद केल्यावर पहिल्या मिनिटात प्रेस दोन-तीन वेळा थोडा उघडून बंद करा म्हणजे अडकलेली हवा निघते. मग १५ ते २० मिनिटं. बरोबर वेळ कुठली हे घड्याळ सांगणार नाही, पहिला तुकडा थंड झाल्यावर मधोमध कापून बघा. मध्ये स्पंजासारखी बारीक भोकं दिसली तर आतपर्यंत क्युअर झालेला नाही, दोन मिनिटं वाढवा. वरून भोकं आणि आतून घट्ट असेल तर हवा किंवा ओलावा. काही दिवसांनी मॅटवर पांढरी भुरी आली तर गंधक जास्त झालाय किंवा नीट मिसळला गेलेला नाही. मोल्डच्या कडेने बाहेर आलेला जादा माल, म्हणजे फ्लॅश, टाकू नका, गोळा करून पावडरवाल्याला परत द्या, तो स्वच्छ माल आहे.

धूर आणि वासाकडे दुर्लक्ष नको. प्रेस उघडताना जी वाफ येते ती रोज श्वासात घ्यायची वस्तू नाही. प्रत्येक प्रेसवर हूड आणि बाहेर ओढणारा फॅन लावा, क्ले आणि केमिकल तोलणाऱ्या माणसाला मास्क द्या, ते काम बहुतेक बायकांकडे असतं आणि त्यांना पदराने नाक झाकून काम करायला लावणं बरोबर नाही.

हा माल कुठे वापरू नये

गव्हाणीत घालू नका, जनावर चाटतं. लहान मुलांची खेळणी, पिण्याच्या पाण्याचे वॉशर, खाण्याच्या डब्याची रिंग, यातलं काहीच टायरच्या मालातून बनवू नका. टायरमधल्या तेलात आणि कार्बनमध्ये पॉलिअॅरोमॅटिक नावाची घातक संयुगं असतात, युरोपात खेळाच्या मैदानावर टाकायच्या रबरी दाण्यांमध्ये त्यातल्या आठ संयुगांची एकूण मर्यादा २०२२ पासून किलोला २० मिलिग्रॅम आहे. ब्रेकचा भाग, इंजिन माउंटिंग, जिथे तुटलं तर माणूस मरेल अशा जागेला पण नको.

आणि टायर धुतलेलं पाणी ओढ्यात सोडू नका. टायरला तडे जाऊ नयेत म्हणून ६पीपीडी नावाचं केमिकल असतं, ते हवेतल्या ओझोनशी मिसळून जे बनतं त्याने अमेरिकेत कोहो सॅमन मासे मरतात हे २०२० मध्ये सिद्ध झालं. धुण्याचं पाणी टाकीत घेऊन, गाळ बसवून, परत धुवायलाच वापरा.

कागदपत्रं आणि टायरचा ढीग

मॅटचा मोल्डिंग धंदा असो की दळायचा, एमपीसीबीची (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची) कन्सेंट, म्हणजे परवानगी, आधी उभारणीची आणि मग चालवायची अशी दोनदा लागते. स्वतः टायर दळणार किंवा रिक्लेम करणार असाल तर जुन्या टायरच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर रिसायकलर म्हणून नोंदणी करा. हे नुसतं बंधन नाही, यात पैसे पण आहेत. टायर बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर जुने टायर रिसायकल करायची जबाबदारी टाकलेली आहे, २०२२-२३ ला ३५ टक्के, पुढच्या वर्षी ७० आणि २०२४-२५ पासून १०० टक्के, आणि ती पूर्ण झाल्याची सर्टिफिकेटं त्यांना नोंदणी असलेल्या रिसायकलरकडूनच घ्यावी लागतात. नोंदणी नसलेला तोच माल दळतो आणि त्याला फक्त पावडरचे पैसे मिळतात.

पायरोलिसिसचं तेल किंवा त्यातली काळी भुकटी (चार) बनवायला परदेशातून जुने टायर आणायला त्याच नियमांत बंदी आहे, तेव्हा कुणी स्वस्त कंटेनर देतो म्हणाला तर कशासाठी आलेला माल आहे याची कागदं बघितल्याशिवाय हात लावू नका.

टायर छताखाली ठेवा. उघड्यावर ठेवलेल्या टायरमध्ये पहिल्या पावसात पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास तिथेच होतात, आजूबाजूची वस्ती तुमच्या नावाने तक्रार करेल आणि ती रास्त असेल. मोठा एकच ढीग नको, लहान ढीग आणि मध्ये माणूस आणि पंप जाईल एवढी मोकळी जागा. टायर एकदा पेटला की पाण्याने सहज विझत नाही, आत आग धुमसत राहते, म्हणून वाळूचा ढीग आणि फोम जवळ हवा आणि शेडमध्ये वेल्डिंग चालू असताना त्या बाजूला टायर नको. वीटभट्टीवाले आणि काही गुऱ्हाळवाले जळणाला म्हणून टायर मागायला येतात, पैसे रोख देतात. त्यांना देऊ नका. तो काळा धूर त्याच गावातली पोरं श्वासात घेतात आणि त्याच गावात तुम्ही मॅट विकायला जाणार आहात.

पहिल्या मॅट विकण्याआधी ओळखीच्या दोन गोठ्यांत फुकट घाला, एक गाईंचा आणि एक म्हशींचा, कारण म्हशीचं वजन आणि बसायची पद्धत वेगळी. घातल्यावर पहिले काही दिवस जनावरं बुजतात, मॅटवर थोडा भुसा पसरला की बसायला लागतात. पावसाळा जाऊ द्या. मग जाऊन दातांचे जोड सुटलेत का, कडा वर उचलल्यात का, खाली शेण साचून वास मारतोय का हे बघा आणि गुडघ्यांवरच्या जखमा भरल्यात का ते गोठ्यातल्या बाईला विचारा, दूध काढताना तीच रोज जवळून बघते. जोड सुटत असतील तर दात मोठे करायला मोल्ड परत टूलरूमला पाठवा, रेसिपीला हात लावू नका. जुनी झालेली मॅट परत घ्यायची तयारी ठेवा, पण ती टायरच्या ढिगात टाकू नका, तिच्यात क्ले भरपूर असतो म्हणून रिक्लेमला ती चालत नाही, दळून पुढच्या मॅटमध्ये क्रंबच्या जागी थोडी थोडी जाते.